माईकवरचा मामा

आमच्या भागात एखाद्या लग्नाला गेलात आणि माईकवरून कुणी तुम्हाला 'थोर विचारवंत' म्हणालं, तर दचकू नका. माईकवर कुंडलचा कृष्णात आहे आणि तुमच्या डोळ्यांवर चष्मा आहे, एवढाच त्याचा अर्थ. चष्मा दिसला की विचारवंत. ढेरी दिसली की उद्योजक. पांढऱ्या मिशा दिसल्या की ज्येष्ठ मार्गदर्शक. आणि साठीच्या आतला, हाताला काही काम नसलेला कुणीही दिसला की युवा नेते. मला तो वीस वर्षं 'परिसराचे चालतेबोलते वर्तमानपत्र' म्हणून पुकारतो. आधी राग यायचा. आता एखाद्या लग्नात विसरला तर राग येतो.

ज्यांना हा पुकारा ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं अक्षता पडायच्या आधी तासभर सत्कार चालतात. माईकवाल्याच्या हातात नावांच्या चिठ्ठ्या येतात. तो नाव घेतो. नाव घेतलेला माणूस "आता कशाला, आता कशाला" म्हणत पळतच स्टेजवर पोचतो. तिथं त्याला फेटा बांधतात, हातात नारळ देतात, फोटो काढतात. ज्याचं नाव राहिलं तो जेवत नाही. जेवला तरी जिलबी ताटात तशीच ठेवतो, लोकांना दिसेल अशी. उभ्या आयुष्यात मी पुकारलेलं नाव कुणी नाकारल्याचं बघितलेलं नाही. एवढं ध्यानात ठेवा, पुढं लागणार आहे.

कृष्णात पोटासाठी पाटकरी. उपसा योजनेचं पाणी कुणाच्या उसाला कवा सोडायचं हे बघणारा माणूस. मोबाइल नव्हते तेव्हा हा गडी पाटाच्या भरावावर उभा राहून हाळी द्यायचा, "ओ दत्तूनाना, तुमची पाळी आली!" आणि दत्तूनाना सोडा, पलीकडच्या रानात बसलेली म्हैस उठून उभी राहायची. एका लग्नात सत्काराच्या मध्येच लाईट गेली, माईक मेला, तेव्हा कृष्णातनं उरलेली सतरा नावं नुसत्या गळ्यावर काढली. शेजारच्या वस्तीवरचा एक माणूस आपलं नाव ऐकून सायकलवरून आला. पुकारा त्याचा नव्हता, त्याच नावाच्या दुसऱ्याचा होता. पण आलेल्या माणसाला परत कसं पाठवायचं? त्यालाही बांधला फेटा. त्या दिवसापासून कृष्णातशिवाय आमच्याकडं अक्षता पडेनाशा झाल्या.

आता अशा माणसाच्या घरी काय चालत असेल, ते त्याच्या बायकोला, राणीला विचारा. चहा हवा असला तर हा पलंगावर बसून म्हणतो, "आदर्श गृहिणी सौ. राणीताई यांना नम्र विनंती, त्यांनी दोन कप चहासह पुढं यावं." राणी आतून म्हणते, "सत्कारमूर्तीला सांगा, दूध नासलंय." एकदा तर एका म्हाताऱ्याच्या दहाव्याला लोकांनी आग्रह केला म्हणून चार शब्द बोलायला उभा राहिला, आणि तोंडात बसलेलं वाक्य सुटलं, "आजच्या या मंगल प्रसंगी आपण मोठ्या संख्येनं उपस्थित राहिलात, असेच प्रसंग वरचेवर येवोत!" म्हाताऱ्याचा थोरला मुलगा रडता रडता थांबला. धाकटा हसला, आणि त्यावरून दोघा भावांचं अजून जमत नाही.

पण कृष्णातच्या आयुष्यातली मोठी चूक ती नव्हे. ती साताऱ्याला झाली.

त्याची थोरली बहीण सुलाबाई साताऱ्याजवळ दिलेली. तिला दोन मुली, सोनिया आणि संयोगिता. सात वर्षांमागं सोनियाचं लग्न निघालं. कृष्णात नवरीचा सख्खा आणि एकुलता एक मामा. आमच्यात मामानं नवरीला हाताला धरून बोहल्यावर आणायचं आणि अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी उभं राहायचं. आईच्या माहेरचा तेवढाच एक मान, पण केवढा! तर त्या दिवशी कृष्णात माईकवर होता आणि रंगात आला होता. भटजींनी खूण केली. याने पुकारा केला, "नवरी मुलीच्या मामांना विनंती, त्यांनी मुलीला घेऊन बोहल्यावर यावं." कुणी येईना. "मामांना पुन्हा एकदा विनंती!" कुणी येईना. तिसऱ्या वेळी गडी तापला. "मंडळी, वेळेला किंमत असते! मुहूर्त टळत चाललाय आणि मामांचा पत्ता नाही. असल्या बेजबाबदार मामांना काय म्हणावं?"

मांडवात असं काही हसू फुटलं की भटजींना अंतरपाट तोंडात धरावा लागला. कृष्णातला कळेना लोक का हसतायत. कळलं तेव्हा नवऱ्या मुलाचा चुलत मामा नवरीला घेऊन बोहल्यावर पोचला होता.

सुलाबाई भांडली नाही. भांडली असती तर बरं होतं. तिनं भावाला राखी पोस्टानं पाठवायला सुरुवात केली. सात वर्षं पाकीट यायचं. आत राखी असायची, कागदाचा चिटोरा नसायचा. कृष्णात ते पाकीट घेऊन माझ्या ओट्यावर यायचा आणि म्हणायचा, "आबा, ह्यात बघा, काय लिवलंय का?" मी पाकीट उलटं करून झटकायचो. काही नसायचं.

मग या वैशाखात धाकटीचं, संयोगिताचं ठरलं. मुलगा यशराज पलूसकडचा, त्याचे आजोबा सयाजीराव फौजेतले निवृत्त सुभेदार. लग्न मुलाकडं, म्हणजे आमच्याच शेजारी. सुलाबाईनं फोन केला. सात वर्षांनी पहिला. कृष्णातनं तो आम्हा चौघांसमोर स्पीकरवर घेतला, त्यामुळं मला शब्द न् शब्द माहीत आहे.

"कृष्णा, संयोगिताला बोहल्यावर तू आणणार हाईस."

"व्हय अक्का."

"बारा पस्तीसच्या अक्षता. माईकवाला सांगलीचा ठरवलाय. तू माईकला हात लावायचा न्हाईस."

"न्हाई लावत, अक्का."

"ह्या वेळी चुकलास तर मला भाऊ न्हाई, असं समजीन."

फोन ठेवून कृष्णातनं हात पुसले. उन्हाळाच होता म्हणा, पण तळव्यांना एवढा घाम मी आजवर कुणाच्या बघितला नाही.

कार्यालय पलूस रस्त्यावरचं, दुमजली. त्या दिवशी तिथी दाट. खाली आमचं लग्न, वर जतहून आलेल्या हरिबांच्या मुलीचं. हरिबा मेंढपाळ घरचे. आता मेंढ्याही आहेत आणि डाळिंबाची बागही. वरच्यांच्या अक्षता एक वाजून दहा मिनिटांनी. आमच्याकडचे फेटे गुलाबी, वरचे भंडाऱ्यासारखे पिवळेधमक.

कृष्णात सकाळी नऊलाच हजर. नवा शर्ट, मनगटावर घड्याळ, आणि तोंड शिवल्यासारखं बंद. पण लोकांची सवय कशी जाणार? जो तो येऊन ह्याच्याच हातात नावाची चिठ्ठी कोंबतोय. "कृष्णात, तेवढं आमच्या साडूचं घे." "कृष्णात, माझं दोन नंबरला आलं पायजे." हा म्हणतोय, "आवं, मी आज न्हाई, सांगलीचा त्यो कोटवाला माईकवर हाय." कुणी ऐकेना. शेवटी याने सगळ्या चिठ्ठ्या डाव्या खिशात टाकल्या. कोटवाल्याला नेऊन देऊ, म्हणाला.

एवढ्यात जिन्यावरून हरिबा धावत खाली आले. त्यांचा माईकवाला मिरजेहून येताना रस्त्यात अडकला होता. कुणीतरी त्यांना कृष्णात दाखवला.

"पावणं, तुमचं लय नाव ऐकलंय. आमची इज्जत राखा. दोनच मिनटं."

कृष्णातनं घड्याळ बघितलं. साडेअकरा. माझ्याकडं बघितलं. मला गंमत बघायची होती, हे मी आज कबूल करतो. मी म्हटलं, "गड्या, अक्का खालच्या माईकबद्दल बोलली. वरच्या माईकबद्दल काय बोलल्याचं मला तर ऐकू आलं न्हाई."

झालं! गडी दोन दोन पायऱ्या चढत वर गेला. हरिबांनी आपल्या पाहुण्यांच्या चिठ्ठ्या दिल्या, त्या याने उजव्या खिशात ठेवल्या. उजवा वरचा, डावा खालचा. एकदम पक्कं. पण माईक धरायचा उजव्या हातात, तीस वर्षांची सवय. मग मोकळा हात कुठला? डावा. आणि डावा हात कुठल्या खिशात जाणार?

वरच्या हॉलचे दोन कर्णे जिन्यात बांधले होते. मी खाली पहिल्या रांगेत बसलो होतो तेव्हा ते गरजले, "परिसराचे चालतेबोलते वर्तमानपत्र..." मी उठलोच. खोटं कशाला सांगू? आवाज कृष्णातचा, नाव माझं, लग्न कृष्णातच्या भाचीचं. वर दुसऱ्याचं लग्न आहे हे आपलं नाव ऐकताच डोक्यातून गेलं; मला वाटलं, आपल्या सत्काराची सोय वर केली असेल. वर गेलो, स्टेजवर उभा राहिलो, आणि बघतो तर समोर एकही ओळखीचं तोंड नाही. तोवर फेटेवाल्यानं डोक्याला दोन वेढे दिले होते. दोन वेढे पडल्यावर माणसाला निघवत नाही. मी कृष्णातच्या कानाशी तोंड नेऊन म्हटलं, "आरं गड्या, मी हितं कसा?"

तो माईकवरच म्हणाला, "आणि बघा मंडळी, एवढ्या मोठ्या माणसाचा विनय बघा! म्हणतात, मी इथं कसा!"

टाळ्या पडल्या. मी नारळ घेऊन सोफ्यावर बसलो.

मग जे सुरू झालं, विचारू नका! एक एक चिठ्ठी डाव्या खिशातून निघतेय आणि खालचा एक एक माणूस जिना चढतोय. साताऱ्याची पाहुणेमंडळी आली, सोसायटीचे चेअरमन आले, चेअरमनचे साडू आले. ओळखीची माणसं दिसल्यावर कृष्णात थांबेल असं वाटत असेल तुम्हाला? छे! तो आणखी खुलला. आमच्या भागात कोण कुणाचा पाहुणा निघेल सांगता येत नाही. याला वाटलं, सगळ्यांचंच जतला नातं दिसतंय. हरिबा दोन्ही हात जोडून प्रत्येकाला बसवत होते. त्यांना वाटत होतं, ही नवऱ्याकडची वजनदार माणसं. नवऱ्याकडच्यांना वाटत होतं, जतचे हरिबा म्हणजे पोचलेला माणूस, चेअरमन काय, सुभेदार काय, सगळे याच्या घरोब्यातले! विचारायचं कुणी आणि कसं? 'आपण कोण' म्हणून विचारलं आणि नेमका मानाचा पाहुणा निघाला तर?

सुभेदार सयाजीराव तर नाव ऐकताच ताठ चालत आले, सावधान उभे राहिले, फेटा बांधून घेतला, स्टेजला सॅल्यूट ठोकला आणि माझ्याशेजारी बसून म्हणाले, "बंदोबस्त अच्छा है. पण आपला यशराज कुठं दिसेना?"

मी म्हटलं, "येईल की."

बाराला सोळा पिवळे फेटे बसले होते. सव्वाबाराला बावीस. त्यात हरिबांचा खरा पाहुणा एकही नाही; ते सगळे मागच्या रांगेत, अजून टोपीवर.

आता खाली काय चाललं होतं, ते मला नंतर राणीनं सांगितलं. ती संयोगिताच्या खोलीत होती. सांगलीचा कोटवाला माईक धरून उभा, पण त्याच्याकडं एक चिठ्ठी नाही. म्हणून तो रिकाम्या खुर्च्यांना शायरी ऐकवत होता. साडेबाराला भटजी म्हणाले, "मामांना बोलवा." सुलाबाई खोलीतून बाहेर आली. मांडवात बायका आणि लेकरं; पुरुषांच्या खुर्च्या अर्ध्या रिकाम्या. नवरा बोहल्यावर एकटा.

"सगळी गेली कुठं? पंगतीला बसली का काय आत्ताच?"

आणि जिन्यातला कर्णा गरजला, "युवा नेते..."

राणी सांगते, अक्कांचा चेहरा पांढराफटक पडला. भावाचा आवाज तिनं ओळखला. संयोगिता दारातून बघत होती. ती हळूच म्हणाली, "आई, राहू दे. मी कुणाबरोबर पण जाते." ते ऐकलं आणि सुलाबाई वळली ती सरळ कोटवाल्याकडं गेली. त्याच्या हातातून माईक काढून घेतला. बाईनं जन्मात कधी माईक धरला नव्हता. उलटा धरला, कोटवाल्यानं सुलटा करून दिला.

खाली सगळ्यांना वाटलं, आता भावाची शोभा होणार. आम्हाला वर यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

जिन्यातून आवाज आला. बारीक, पण ठाम. "कुंडलचे पाटकरी... साऱ्या भागाला नावानं वळखणारे... माझे धाकटे भाऊ, श्रीयुत कृष्णातराव. संयोगिताचे मामा. जिथं असतील तिथनं त्यांनी बोहल्यावर यावं. नवरी थांबली हाय."

 वर कृष्णातच्या डाव्या हातात तेविसावी चिठ्ठी. तीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांना पुकारत आला. त्याचं नाव कुणी कधी पुकारलंच नव्हतं. पुकारणार कोण? माईक तर याच्याच हातात! गडी दोन क्षण इकडं तिकडं बघत राहिला, हा कृष्णातराव कोण उठतोय म्हणून. मग त्यानं हातातली चिठ्ठी बघितली, डावा खिसा चाचपला, आम्हा पिवळ्या डोक्यांकडं बघितलं, आणि त्याला सगळं एकदम कळलं.

"आलो अक्का!"

माईक तोंडाशीच होता. सगळं कार्यालय दणाणलं, बाहेर रस्त्यावरचा उसाचा ट्रॅक्टर थांबला. आणि कृष्णात पळाला! त्याच्यामागं सयाजीराव, "चलो, चलो, डबल मार्च!" त्यांच्यामागं चेअरमन, साडू, मी, नारळ सांभाळत सगळी पिवळी फौज जिन्यावरून धडधडत खाली. हरिबा वरून ओरडतायत, "आवं पावणं, काय चुकलं का आमचं? जेवून तरी जावा!"

बारा तेहेतीस. कृष्णात खोलीच्या दाराशी पोचला. सुलाबाईनं त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "फेटा कुठाय तुझा?"

बावीस लोकांच्या डोक्यावर फेटा चढवून आलेल्या माणसाचं डोकं बोडकं होतं. गुलाबी बांधायला वेळ नव्हता. सयाजीरावांनी आपला बांधलेला फेटा टोपीसारखा अलगद उचलला आणि कृष्णातच्या डोक्यावर ठेवला. सुभेदारांचं डोकं फौजी मापाचं. फेटा कृष्णातच्या भुवयांवर येऊन टेकला. एका हातानं फेटा धरून, दुसऱ्या हातानं भाचीला धरून तो निघाला. संयोगिता खाली मान घालून चालली होती. लोकांना वाटलं लाजतेय, पण तिचे खांदे हलत होते. पोरगी हसत होती. भटजींनी बारा चौतीसला अंतरपाट धरला. आणि मामा नवरीच्या पाठीशी उभा राहिला तो असा, की शेवटची मंगलाष्टकं संपून अक्षता पडल्या, लोक पांगले, तरी हलेना. राणीनं बाही ओढली तेव्हा हलला.

मग सुलाबाईनं आमच्या डोक्यांकडं बघितलं. "ह्ये पिवळं कुणाचं?"

सगळ्यांनी वर बोट केलं.

"मग आपलं गुलाबी वर पाठवा. त्यांच्या अक्षता व्हायच्यात अजून. आणि तू," कृष्णातला म्हणाली, "जा, त्यांची नावं पुकारून ये. उजव्या खिशातली."

एक दहाला वरच्या लग्नाच्या अक्षता पडल्या, तेव्हा जतचे सगळे पाहुणे गुलाबी फेट्यांत होते. हरिबांच्या व्याह्यांना अजून वाटतं की जतकडची तशी रीत आहे. आणि हरिबांना सगळा प्रकार समजला तेव्हा ते एवढे हसले, एवढे हसले, की त्यांनी खाली येऊन सुलाबाईला लेकीच्या लग्नाचा आहेर म्हणून एक घोंगडं दिलं आणि आम्हा बावीस जणांना जतच्या यात्रेचं आमंत्रण दिलं. मी जाणार आहे. फेटा परत मागतील का, एवढाच एक प्रश्न आहे. दोन लग्नांत घातलाय मी तो.

पण शेवट राहिला. पाठवणीच्या आधी सुलाबाई माईकजवळ गेली. कोटवाला बिचारा एका कोपऱ्यात जिलबी खात होता. तिनं माईक उचलला, सुलटा धरला, आणि भावापुढं केला. "धर. शेवटचं आभार तूच मान."

कृष्णात माईक घेऊन स्टेजवर चढला. दोन्ही हातांत धरला. खिशात हात जाऊच नये म्हणून असेल. घसा खाकरला. आम्ही वाट बघतोय, आता 'थोर विचारवंत' येणार, 'उद्योजक' येणार. गडी म्हणाला, "माझी थोरली अक्का, सुलाबाई. दुसरी पदवी मला सुचत न्हाई. अक्कानं सत्कारासाठी स्टेजवर यावं."

"गप ए! माझा कसला सत्कार?" सुलाबाई खालून म्हणाली. "खुळा झालाय ह्यो. मी न्हाई येत."

असं म्हणता म्हणता तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि निघालीसुद्धा.